भाग ४१ : घरामागची टेकडी, जी टेकडी नव्हती

(पॉडकास्टच्या ४१ व्या भागाचं शब्दांकन. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता एका कानात इअरफोन घालून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, व्हिसा तर अजिबात नाही. आजचा विषय आहे धरण. तेही कोयना किंवा जायकवाडी नाही. गवत उगवलेलं, मासे पकडायला आणि बोटी वल्हवायला बांधलेलं एक छोटंसं मातीचं धरण.

आधीच सांगतो, मी सिव्हिलवाला नाही. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलं, पोट सॉफ्टवेअरवर भरतो. या विषयात मी पडलो तो माझ्या मावसभावामुळे. दादा आणि वहिनी गेली सहा वर्षं अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला राहतात. मीही तिथून अर्ध्या तासावर असतो. गेल्या वर्षी त्यांनी घर घ्यायचं ठरवलं आणि दर शनिवारी मला गाडीत घालून घरं दाखवत फिरायला लागले. का, तर "तुला इंटरनेटवर सगळं शोधता येतं."

एका शनिवारी सगळ्यांना एकदम पसंत पडलं असं एक घर मिळालं. सोसायटीचा स्वतःचा तलाव. काठाला लाकडी धक्का, दोन-चार पॅडल बोटी, बदकं. घर तलावाच्या काठावर नव्हतं, म्हणून बजेटात बसत होतं. जरा खालच्या अंगाला होतं. मागे छोटं अंगण, अंगणाच्या टोकाला ओढा, आणि ओढ्याच्या वरच्या बाजूला छान कापलेल्या गवताची एक टेकडी. खालच्या मजल्यावर थेट अंगणात उघडणारी एक खोली होती. वहिनी म्हणाल्या, "मामंजी-सासूबाई आले की ही खोली त्यांना. जिने चढायला नकोत, सकाळी उठलं की समोर हिरवळ."

मी फोनवर नकाशा उघडला, सॅटेलाइटचं चित्र लावलं आणि म्हटलं, "दादा, ही टेकडी एकदम सरळ रेषेत कशी काय आहे रे?"

ती टेकडी नव्हती. ते धरण होतं. पलीकडच्या बाजूला, आमच्या डोक्याच्या वरच्या पातळीला, तो बदकांचा तलाव होता.

आता अमेरिकेत एक सोय चांगली आहे. तिथल्या लष्कराचा अभियंता विभाग, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, देशभरातल्या धरणांची यादी ठेवतो. नॅशनल इन्व्हेंटरी ऑफ डॅम्स असं तिचं नाव. ९० हजारांहून जास्त धरणं त्यात आहेत आणि कुणीही वेबसाइटवर जाऊन बघू शकतं. धरण म्हटलं की आपल्याला सिंचन किंवा वीज आठवते. पण या यादीत धरणाचा मुख्य उपयोग म्हणून सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय माहितीये? मनोरंजन. पोहणं, मासेमारी, बोटिंग. बहुसंख्य धरणं मातीची आहेत आणि बहुसंख्य खाजगी मालकीची. म्हणजे मालक कोण, तर एखादा शेतकरी, एखादा क्लब, नाहीतर अशीच एखादी घरमालकांची सोसायटी.

आम्ही आमची "टेकडी" शोधली. सापडली. प्रकार : मातीचं. उपयोग : मनोरंजन. मालकी : खाजगी. आणि पुढे एक रकाना, हॅझर्ड पोटेन्शियल : हाय.

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे फुटणार आहे का हे?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. बहुतेक लोक तोच अर्थ काढतात आणि तो चुकीचा आहे. त्यामुळे आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : हॅझर्ड वर्ग धरणाची तब्येत सांगत नाही. धरण फुटलं तर खाली कोण सापडेल, एवढंच तो सांगतो.

अमेरिकेत साधारण तीन वर्ग वापरतात. लो म्हणजे फुटलं तरी माणूस दगावण्याची शक्यता नाही, नुकसान झालं तर मुख्यतः मालकाच्याच जमिनीचं. सिग्निफिकंट म्हणजे जीव जाण्याची शक्यता नाही, पण रस्ते, पाण्याच्या लाइनी, मालमत्ता यांचं बऱ्यापैकी नुकसान. आणि हाय म्हणजे फुटलं तर किमान एक माणूस मरण्याची शक्यता आहे. शंभर नाही, हजार नाही. एक. एक घर पुराच्या वाटेत असलं तरी धरण हाय.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही बगची सिव्हिरिटी आहे. सर्व्हर आज पडेल की नाही हे त्यातून कळत नाही, पडला तर किती जणांना झळ बसेल ते कळतं. नवंकोरं, उत्तम बांधलेलं धरणही हाय असू शकतं. आणि जंगलात एकाकी पडलेलं, भेगा गेलेलं धरण लो असू शकतं. तब्येतीचा रकाना वेगळा असतो. तिथे सॅटिसफॅक्टरी, फेअर, पूअर, अनसॅटिसफॅक्टरी असे शेरे असतात, नाहीतर नुसतं नॉट रेटेड. दोन्ही रकाने एकत्र वाचले तरच काहीतरी अर्थ लागतो.

दादा म्हणाला, "अरे पण हे केवढंसं आहे! असल्या डबक्यानं काय होणार?"

याचं उत्तर त्याच राज्यात, अटलांटापासून दीड-दोन तासांवर आहे. टोकोआ नावाचं गाव. तिथे १८६ फूट उंचीचा सुंदर धबधबा आहे, पायथ्याशी कॉलेज. मी नंतर मुद्दाम जाऊन आलो. धबधब्याच्या वर, डोंगरात, पूर्वी केली बार्न्स नावाचं धरण होतं.

त्याची गोष्ट ऐका, आणि आपल्या ऑफिसातला एखादा जुना प्रोजेक्ट आठवतो का बघा. १८९९ मध्ये तिथे लाकडाच्या चौकटीत दगड भरून एक बंधारा घातला गेला. १९३७ च्या सुमारास खालच्या शिक्षणसंस्थेला वीज हवी होती, म्हणून त्याच बंधाऱ्यावर मातीचा भराव टाकून धरण केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची उंची आणखी वाढवली. १९५७ मध्ये वीज बनवणं बंद झालं. त्यानंतर तो नुसता तलाव उरला, फिरायला आणि मासे पकडायला. जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं, आणि ज्या कामासाठी केलं ते कामच बंद. पुढे चौकशी झाली तेव्हा या धरणाचे अभियांत्रिकी नकाशे कुठेच सापडले नाहीत. डॉक्युमेंटेशन शून्य.

शेवटी त्याची उंची होती सुमारे ३८ फूट, लांबी ४०० फूट, तलाव ४० एकरांचा. फुटलं त्या वेळी त्यात अंदाजे ६३० एकर-फूट पाणी होतं. आपण पावसाळ्यात टीएमसीच्या बातम्या वाचतो ना, त्या हिशोबात ०.०२७ टीएमसी. पानशेत भरलं की १०.६५ टीएमसी असतं. म्हणजे पानशेतच्या जवळपास चारशेव्या हिश्श्याएवढं पाणी. खरंच डबकं.

नोव्हेंबर १९७७. चार दिवस पाऊस पडत होता. ६ नोव्हेंबरच्या रात्री दीड वाजता भिंत गेली. पाणी धबधब्यावरून खाली कॉलेजच्या आवारात कोसळलं. तिथे वसतिगृह होतं, विवाहित विद्यार्थ्यांची आणि इतर कुटुंबांची ट्रेलर घरं होती. सगळे झोपेत. ३९ माणसं गेली. त्यातली २० लहान मुलं होती.

पाण्याचा जोर किती होता? धबधब्याच्या खाली अंदाजे २४ हजार क्युसेक. पुणेकरांना हा आकडा लगेच कळेल. खडकवासल्यातून एवढं पाणी सोडतात तेव्हा भिडे पूल केव्हाच बुडालेला असतो. फरक इतकाच की आपल्याकडे तो आकडा आधी बातम्यांत येतो, मोबाइलवर येतो, भोंगा वाजतो. इथे मध्यरात्री, न सांगता आला, आणि मुठेच्या पात्रात नाही, एका ओढ्यात.

का फुटलं? चौकशी समितीला एकच असं कारण ठामपणे सांगता आलं नाही. पण मातीची धरणं कशी जातात ते यातून समजतं. मुख्य वाटा तीन.

पहिली, पाणी माथ्यावरून वाहू लागणं. काँक्रीटची भिंत ते काही काळ सोसते. माती वाहून जाते. म्हणून सांडवा पुरेसा मोठा लागतो आणि मोकळा लागतो. सांडव्यात झाडाचं खोड अडकलं, किंवा मासे निसटू नयेत म्हणून कुणी जाळी लावली आणि त्यात पाला साठला, तर कागदावर मोठा असलेला सांडवा त्या रात्री छोटा होतो.

दुसरी, आतून पोखरणं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाझर स्वच्छ आहे की गढूळ ते बघायचं. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. आत बारीक बोगदा तयार होतोय आणि तो तासागणिक रुंद होऊ शकतो. झाडांची कुजलेली मुळं, उंदीर-घुशींची बिळं, गंजलेला जुना पाइप, ही सगळी अशा बोगद्याची तयार दारं. म्हणून धरणावरचं मोठं झाड कितीही छान सावली देत असलं तरी ते तिथे नको असतं. आणि म्हणूनच आमच्या "टेकडी"वरचं गवत इतकं बारीक कापलेलं होतं. गवत कापलं की ओल, भेग, बीळ डोळ्यांना दिसतं.

तिसरी, उतार घसरणं. केली बार्न्सचा खालच्या बाजूचा उतार फार उभा होता, जवळपास एकास एक. म्हणजे एक फूट पुढे तर एक फूट वर. मातीच्या भरावाला हा उतार भलताच तीव्र आहे. १९७३ मधल्या एका फोटोत त्याच उतारावर माती घसरलेली दिसते, १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद पट्टा. फुटायच्या चार वर्षं आधी! चौकशी समितीच्या मते त्या रात्रीही उताराचा एक भाग घसरला असावा, त्याला आतल्या पोखरण्याची साथ मिळाली असावी, मग माथा खचला आणि बाकीचं काम पाण्यानं केलं.

तो फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. एरर लॉगमध्ये चार वर्षं पडून होती. वाचायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते जिमी कार्टर, स्वतः जॉर्जियाचे. धरणं तपासण्याचा कायदा १९७२ पासून होता, पण तपासणी रखडलेली होती. या दुर्घटनेनंतर कार्टर यांनी हाय वर्गातली बिगरसरकारी धरणं तपासायला लावली. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणं तपासून झाली. त्यातली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली. जॉर्जियानं १९७८ मध्ये स्वतःचा धरण सुरक्षा कायदा केला. त्यात दोनच वर्ग आहेत. पहिल्या वर्गात फुटलं तर माणूस मरण्याची शक्यता असलेली धरणं, त्यांना परवाना आणि देखरेख लागते. बाकी सगळी दुसऱ्या वर्गात.

आता यातली खरी गोम. धरण तेच राहतं आणि वर्ग बदलतो.

समजा १९६० मध्ये एका शेतकऱ्यानं ओढ्यावर तलाव बांधला. खाली कुरणं, गाई. फुटलं तर कुंपण जाईल. वर्ग खालचा, सांडवाही त्या हिशोबानं छोटा. मग शहर वाढत वाढत तिथे येतं. बिल्डर तलावाच्या खालची जमीन घेतो, प्लॉट पाडतो, "लेक कम्युनिटी" म्हणून घरं विकतो. धरणाची एक ओंजळ मातीसुद्धा हललेली नाही, पण ते आता हाय झालं. याला तिकडे हॅझर्ड क्रीप म्हणतात. धोका गुपचूप सरकत येतो.

वर्ग बदलला की नियम बदलतात. जास्त मोठा पूर पेलणारा सांडवा हवा, नियमित तपासणी हवी, आपत्कालीन आराखडा हवा. खर्च कोणाचा? धरणाच्या मालकाचा. घरांना परवानगी दिली एकानं, नफा कमावला दुसऱ्यानं, सांडवा मोठा करायचा तिसऱ्यानं. आणि मनोरंजनाच्या धरणाला उत्पन्न काय? वीज नाही, पाणीपट्टी नाही. सोसायटीच्या मासिक वर्गणीतून जे उरेल ते. वर्गणी वाढवा म्हटलं की मीटिंगमध्ये काय होतं ते तुमच्या सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवरून तुम्हाला ठाऊक आहेच.

म्हणून जॉर्जियात दुसऱ्या वर्गातल्या धरणांच्या खाली घरं आली का, ते दर पाच वर्षांनी पुन्हा बघतात. पाच वर्षांत आख्खी कॉलनी उभी राहते, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं, आम्हाला काय? तर २ जुलै २०१९ ची रात्र आठवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण. ते बोटिंगचं नव्हतं, सिंचनाचं होतं, पण मातीचं आणि लहानच. २३ जण वाहून गेले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. आणि आपल्याला त्यातलं काय आठवतं? खेकडे! खेकड्यांनी धरण पोखरलं असं त्या वेळचे जलसंधारण मंत्री म्हणाले आणि आपण आठवडाभर मीम्स फिरवले. मीही फिरवले. आता वाटतं, प्राण्यांची बिळं हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, तपासणीच्या यादीत त्याचा वेगळा रकाना असतो. विचारायला हवं होतं ते हे : बिळं आहेत का हे शेवटचं कोणी, कधी जाऊन बघितलं?

आपल्याकडे २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधल्यांना तेव्हाच, जेव्हा आणखी काही निकषांपैकी एखादा बसतो. म्हणजे लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग किमान २,००० घनमीटर प्रतिसेकंद, किंवा पाया फार अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. मी उत्सुकता म्हणून केली बार्न्सचे आकडे त्यात घालून बघितले. उंची साडेअकरा मीटर. लांबी १२० मीटरच्या आसपास. साठा पावणेआठ लाख घनमीटर. विसर्ग, तो फुटल्यानंतरचा धरला तरी, ७०० च्या आत. आकड्यांच्या एकाही निकषात ते बसत नाही. ३९ माणसं घेऊन गेलेलं धरण आपल्या कायद्याच्या आकड्यांखालून आरामात निसटलं असतं. कारण या निकषांमध्ये भिंत मोजली जाते, खालची घरं मोजली जात नाहीत.

बरं, दादाच्या घराचं काय झालं?

दादानं एजंटमार्फत सोसायटीकडे तपासणी अहवाल मागितला. दोन आठवडे टाळाटाळ, मग आला. शेरा होता फेअर. याचा अर्थ रोजच्या परिस्थितीत दोष दिसत नाही, पण क्वचित येणाऱ्या मोठ्या पुरात अडचण होऊ शकते. खाली सूचना : उजव्या टोकाची झाडं काढा, तलावाचा तळातला जुना पाइप कॅमेरा घालून तपासा. झाडं काढली होती. पाइप राहिला होता, "निधीअभावी". मी पूर कुठवर येईल त्याचा नकाशा मागायला लावला. त्यात आमचं घर निळ्या पट्ट्यात होतं, आणि ती खालच्या मजल्यावरची, अंगणात उघडणारी खोली पाण्यापासून सगळ्यात जवळ.

दादा म्हणाला, "शक्यता किती असेल? हजारात एक?" ते मला सांगता येईना. वहिनींनी एवढंच विचारलं, "रात्री दीड वाजता इथे फोन कोण करणार आहे?" आराखड्यात संपर्कासाठी एक नंबर होता. आम्ही लावून बघितला. तो सोसायटीच्या जुन्या अध्यक्षांचा निघाला, तीन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेले.

त्यांनी ते घर घेतलं नाही. दोन महिन्यांनी दुसरं कुणीतरी घेतलं. आम्ही एकदा त्या बाजूनं गेलो तर अंगणात झोपाळा लावलेला दिसला. त्या रात्री वहिनींनी सोसायटीला आणि राज्याच्या धरण सुरक्षा विभागाला ईमेल केला : आराखड्यातला फोन नंबर चुकीचा आहे, पाइपची तपासणी बाकी आहे. घर आमचं नाही, तरी. नंबर बदलल्याचं उत्तर आलंय. पाइपचं अजून नाही.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुम्ही परदेशात असाल किंवा आपल्याकडे एखादा लेक व्ह्यू बंगला, फार्महाउस, पाझर तलावाखालचा प्लॉट बघत असाल, तर सॅटेलाइटचं चित्र उघडा आणि सरळ रेषेतली टेकडी शोधा. मग चार प्रश्न विचारा. मालक कोण? वर्ग कोणता? शेवटची तपासणी कधी झाली आणि शेरा काय? काही झालं तर मला कोण कळवणार? धरणाखाली गढूळ पाझर, नवीन ओल, खचलेली माती किंवा तुंबलेला सांडवा दिसला तर जवळ जाऊन रील करत बसू नका. लांबून फोटो काढा आणि लगेच कळवा. पाणी वाढत असेल तर आधी उंच जागी जा, फोन तिथून करा.

आणि हो, हे करताना आपल्या गावाजवळच्या एखाद्या लहान धरणाखाली किती घरं झालीत तेही मोजा. दहा वर्षांपूर्वीचं चित्र आणि आजचं चित्र शेजारी ठेवून. काय दिसलं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

चला, भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या!